आबांचा बाण का फुटला

मी बंगलोरला रॉकेटचं शिकतोय, असं आमच्या गावात सगळे म्हणायचे. मी स्वतः तसं छातीठोकपणे कधी म्हणालो नाही. सांगलीच्या कॉलेजातून मेकॅनिकलची पदवी घेतली. बरोबरीची पोरं साताऱ्याला पाटबंधारे खात्यात चिकटली, जीपमधून धरणावर हिंडायला लागली. आणि मी काय केलं, तर एरोनॉटिक्सच्या पदव्युत्तर वर्गात जाऊन बसलो. का बसलो? अर्ज केला होता, नंबर लागला, म्हणून बसलो. याहून मोठं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.

तिथे गेलो आणि माझी भंबेरी उडाली. प्राध्यापक फळ्याच्या एका टोकाला समीकरण सुरू करायचे, ते दुसऱ्या टोकाला पोचायचे तेव्हा मी अजून पहिल्याच चिन्हाशी झटत असायचो. शेजारी मद्रासकडचा एक पोरगा बसायचा. तो मान डोलवायचा म्हणून मीही डोलवायचो. पुढे दोस्ती झाल्यावर कळलं, त्यालाही काही कळत नव्हतं, मान हलवायची त्याची नुसती सवय होती. घ्या! केरळात समुद्रकाठी रॉकेटं उडायला लागली होती, पेपरात फोटो यायचे, ‘स्पेस’ हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी होता. पण अख्खं पहिलं वर्ष सरलं तरी मी रॉकेट नावाची वस्तू डोळ्यांनी पाहिली नव्हती. होता तो फळा आणि खडू.

आता गंमत अशी, की गावाकडे मी लहानपणापासून शेकड्यांनी रॉकेटं पाहिली होती. आमचं गाव तासगावकडचं. दसऱ्याला देवाची पालखी निघते आणि तिच्यापुढे रात्रभर शोभेची दारू उडते. ती विकतची नाही. प्रत्येक आळी आपली आपण करते, मराठा असो, लिंगायत असो, मुसलमान असो. सोरा, गंधक आणि रुईच्या लाकडाचा कोळसा, एवढंच सामान. ते उखळात ओलसर करून कुटायचं, खडखडीत वाळवायचं, बांबूच्या जाड पेरात ठासून भरायचं, वरनं सुतळी आवळायची आणि तोंडाला काळ्या मातीचं बूच लावून मधे भोक ठेवायचं. याला आम्ही बाण म्हणतो. आमच्या आळीचा मोठा बाण पुरुषभर उंचीचा. तो करायचा मान आमच्या घराकडे, म्हणजे माझे थोरले चुलते, ज्यांना मी आबा म्हणायचो, त्यांच्याकडे होता. त्यांच्या आधी त्यांच्या चुलत्याकडे होता. माझे वडील, आमचे आण्णा, आबांचे धाकटे भाऊ. त्यांनी दारूकामाला कधी हात लावला नाही, त्यांना शाळामास्तरकीतून सवड नव्हती आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायची.

मी बंगलोरला गेलो त्याच वर्षीच्या दसऱ्याला आबांचा बाण फुटला. वर गेलाच नाही, जागच्या जागी फुटला. बत्ती लावायला आळीतला एक पैलवान गडी होता. बत्ती लावून मागं सरायलाही त्याला वेळ मिळाला नाही. उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. फडात उतरायची, गदा आणायची, सगळी स्वप्नं त्याच मिनिटाला संपली. लग्न ठरत होतं तेही मोडलं.

मी दिवाळीला आलो तर घरात कोणी नीट बोलेना. आमचं आणि आबांचं अंगण एकच, पण आण्णा आबांशी बोलायचे बंद झाले होते. “हलगर्जीपणा केला थोरल्यानं,” एवढंच म्हणायचे. “दारू नीट कुटली न्हाई, वाळवली न्हाई. एका पोराचा जलम नासला.” आबा अंगणात येणंच टाळायचे. मी भेटायला गेलो तर म्हणाले, “आलास? बस,” आणि पुढं काहीच नाही. एरवी हा माणूस गप्पांचा धबधबा! मी चहा पिऊन परत आलो.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या पंधरवड्यात मी पुन्हा गावी आलो. बंगलोरला प्राध्यापकांनी प्रबंधाचा विषय ठरवून या म्हणून सांगितलं होतं आणि माझ्या डोक्यात विषयाच्या नावानं शिमगा होता. वाटलं, गावी जरा निवांत बसू, विचार करू. कसलं निवांत! एसटीतून उतरतोय तोच आळीतल्या एका म्हाताऱ्यानं गाठलं.

“आला काय रं तू? बरं झालं. समदी तुजीच वाट बघत्यात.”

“माझी? कशाला?”

“कशाला म्हंजी? आबाचा बाण का फुटला त्ये तूच सांगायचं. आळीनं ठरीवलंय. तू त्याचंच शिकतूयास न्हवं? तू म्हनशील त्ये खरं. नवमीच्या आदल्या दिवशी देवळात बसायचं हाय.”

मी तिथंच ट्रंकेवर बसलो. काय म्हणावं या लोकांना! वर्षभर आळीत वाद चालला होता. निम्मे म्हणायचे आबांचा मान काढून घ्या, निम्मे म्हणायचे इतकी वर्षं बिनचूक केलं, एकदा झालं. शेवटी कोणाच्या तरी डोक्यात आलं, की पोरगं रॉकेटचं शिकतंय, त्याला विचारू. सगळ्यांना पटलं. मला कोणी विचारलंच नाही. आणि मला काय येत होतं? ज्याला परीक्षेत जेमतेम पास व्हायला देव आठवतात, त्याला यांनी न्यायाधीश केलं.

घरी आण्णा खुश. “बघ, आपल्या शिक्षणाचा मान ठेवला आळीनं. जे खरं असंल ते सांगायचं. सख्खा चुलता म्हणून मागं-पुढं बघायचं न्हाई.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सांगलीला गेलो. जुन्या कॉलेजच्या वाचनालयात ओळखीनं बसू दिलं. सकाळपासून दुपारपर्यंत पुस्तकं चाळली. त्यात सगळं होतं, फक्त रुईचा कोळसा आणि बांबूचं पेर नव्हतं. एक आकृती समजतीय असं वाटायचं आणि पान उलटलं की पुन्हा अंधार. बाहेर हळदीच्या पोत्यांच्या गाड्या चालल्या होत्या, त्यांचा वास खिडकीतनं आत येत होता आणि मी मनात म्हणत होतो, बाबा रे, साताऱ्याला गेला असतास तर आज धरणावर बसून भडंग खात असतास. संध्याकाळच्या एसटीनं डोकं दुखवून घेऊन परत आलो.

त्या संध्याकाळी आबा स्वतःच आमच्या गोठ्यामागं आले. आण्णा घरात नाहीत हे बघून आले असावेत. खाली मातीतच बसले.

“सापडलं का रं काय?”

“न्हाई आबा. मला काय कळंना झालंय.”

ते म्हणाले, “ह्ये बघ, मान ऱ्हाऊ दे न्हाईतर जाऊ दे. मला त्येचं काय वाटत न्हाई. वाटत न्हाई म्हंजी वाटतंय, पर त्ये ऱ्हाऊ दे. मला येवडंच कळाया पायजे, त्या पोराची बोटं म्या तोडली का न्हाई. रोज सकाळी त्यो डाव्या हातानं धार काढाया बसतो, मला हितनं दिसतंय. वरीसभर बघतूया. माजं काय चुकलं तेवडं सांग. मी आपल्या हातानं सगळं केलं, मला तर काय चुकल्यालं आठवत न्हाई. आन आठवत न्हाई म्हनून जास्तच भ्या वाटतंय.”

इतका वेळ मला माझीच पडली होती, की देवळात माझी फजिती होणार. मी म्हटलं, “आबा, पहिल्यापासनं सांगा. काय काय केलं, एकेक सांगा.”

त्यांनी सांगितलं. सोरा कुठनं आणला, किती वेळा धुतला, कोळसा कसा जाळला, कोणाकोणाला कुटायला घेतलं. ठासताना दर थराला किती हात मारले. कुठंही खोट दिसेना. मी नुसता मान डोलवत होतो, मद्रासच्या पोरासारखा.

“मग नवमीला पूजा झाली. नारळ फोडला...”

नवमी म्हणजे खंडेनवमी, त्या दिवशी हत्यारांची पूजा. आमच्या आळीची रीत अशी, की नारळ दगडावर फोडायचा नाही. बाण आडवा ठेवायचा आणि त्याच्या तोंडाला जे लोखंडी कडं बसवलेलं असतं त्याच्यावर नारळ फोडायचा. हत्याराला मान म्हणून. दुसऱ्या आळ्या हसतात, पण आमचं आपलं पिढ्यान्‌पिढ्या तेच.

“कोणी फोडला?”

“तुज्या आण्णानं. गेल्या साली त्यास्नी मान दिलता. पोरगं रॉकेटचं शिकाया गेलं म्हनून आळीनंच म्हटलं, की औंदा मास्तरांच्या हातनं फोडू.” आबा जरासे हसलेच. “आन नारळ लेकाचा फुटंना! सवय न्हाई त्यास्नी. एक हाणला, दोन हाणले, मानसं हसाया लागली. बाया बी हसाया लागल्या. मग धाकट्याला आला राग. त्यानं दोन्ही हातांनी धरून असा काय दणादणा घातला, की कडं पाक वाकलं. तवा फुटला.”

परीक्षेत मी एक वाक्य लिहिलं होतं. घोकून लिहिलं होतं, त्याला मार्कही मिळाले होते. ठासलेल्या घन इंधनाला चीर गेली तर आग त्या चिरेत शिरते, जळणारा भाग एकदम वाढतो, आतला दाब वाढतो आणि कवच फुटतं. वर्षभर हे वाक्य माझ्या डोक्यात नुसतं पडून होतं. आता गोठ्यामागं, शेणाच्या वासात, त्याचा अर्थ मला लागला आणि लागला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं.

“काय झालं रं?” आबा म्हणाले.

मी टाळाटाळ केली. पण आबांपुढं टाळाटाळ चालायची नाही, त्यांनी मला खांद्यावर घेऊन हिंडवलेलं. शेवटी सांगितलं. गुळाच्या ढेपेवर वरनं दणका बसला की वरनं ती शाबूत दिसते आणि आत चिरलेली असते, तसं झालं असेल म्हटलं. असेल, म्हटलं. मला खात्री नव्हती.

आबा माती झटकत उठले. मग म्हणाले, “करून बघू.”

त्यांनी वर्षभर दारूला हात लावला नव्हता. मुसलमान आळीत त्यांचा एक जुना दोस्त होता, त्याच्याकडनं त्यांनी हातभर लांबीचे बाण मागून आणले, सगळे एकाच दिवशी एकाच हातानं भरलेले. तो काही विचारत बसला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं येरळा नदीच्या वाळवंटात गेलो. निम्मे बाण तसेच ठेवले, निम्म्यांच्या तोंडावर दगडानं दणके दिले. दणके द्यायला मला सांगितलं, आबांच्या हातानं ते होईना. लांब सुतळीची बत्ती लावून आम्ही बांधाआड पडून राहायचो.

न ठोकलेले सगळे सूं सूं करत वर गेले. ठोकलेल्यांतला पहिला लावला, तोही वर गेला. झकास गेला! मी आबांकडं बघितलं, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. दुसरा लावला, तोही गेला. मला वाटलं, बोंबला, माझं सगळं शास्त्र गेलं वाळूत. तिसरा जागीच फुटला. असा फुटला, की बांबूची चिपाडं बांधापर्यंत आली. उरलेल्यांतला एक वाकडा जाऊन पाण्यात पडला, बाकीचे गेले.

आता यातनं काय समजायचं? बंगलोरला मी हे सांगितलं असतं तर प्राध्यापकांनी मला हाकललं असतं. आकडे पुरेसे नाहीत, दणके सारखे नाहीत, काहीच सिद्ध होत नाही. मी आबांना तसंच सांगितलं. “आबा, ह्येच्यातनं नक्की काय कळत न्हाई. नारळानं झालं असंल. न्हाई बी झालं असंल.”

“न ठोकल्यालं फुटलं का एक तरी?”

“न्हाई.”

“मग मला बास झालं,” आबा म्हणाले आणि वाळूत बसून रडायला लागले. म्हातारा माणूस, मिशांतनं पाणी गळतंय, आणि मी शेजारी उभा. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा की नको हेही मला कळेना. अखेर ठेवला.

परत येताना ते एकदाच बोलले. “देवळात काय सांगनार हाईस?”

“खरं सांगायचं तर आण्णांचं नाव घ्यावं लागंल.”

“हूं,” म्हणाले.

त्या रात्री माझं जेवणात लक्ष नव्हतं. समोर आण्णा भाकरी मोडत होते आणि मला समजावत होते, की सत्य सांगताना आवाज कसा असावा. त्यांचा काय दोष? लोक हसले म्हणून मास्तर चिडला आणि नारळ जोरात आपटला, एवढंच. पण हे देवळात सांगितलं तर ते पैलवानाच्या घरावरनं पुन्हा चालू शकले नसते. त्यांचा स्वभाव मला ठाऊक होता, शाळेत एखादं पोर नापास झालं तरी हा माणूस दोन दिवस जेवायचा नाही. आणि सांगितलं नाही तर आबा आयुष्यभर गुन्हेगार. बरं, सांगायचं ते तरी पक्कं कुठं होतं? मी नुसता कूस बदलत राहिलो.

देवळात सगळी आळी जमली. पैलवानही आला होता, हात उपरण्यात गुंडाळून खांबाला टेकून बसला होता. एसटीपाशी मला गाठणाऱ्या त्याच म्हाताऱ्यानं सुरुवात केली. “हं, सांग रं बाबा. तू शिकल्याला हाईस. बाण का फुटला?”

मी उभा राहिलो. मी “त्याचं असंय” एवढं म्हणालो आणि आबा उठले.

“त्येला काय इचारताय? त्येचं शिक्षान अजून अर्धंच झालंय. मी सांगतो. शेवटच्या दिवशी मी दारू वलसर असतानाच ठासली. घाई केली. चूक माजी हुती. वरीसभर बोलायला त्वांड झालं न्हाई, आज बोलतो.” मग ते पैलवानाकडं वळले आणि हात जोडले. “पोरा, माजीच चूक.”

पैलवानानं मान खाली घातली. आबा पुढं म्हणाले, “मान आळीनं ज्याला द्यायचा त्याला द्यावा. माजं येकच मागनं हाय. फुटल्याल्या बाणाचा अपशकुन झालाय, तवा हितनं म्होरं नारळ कड्यावर फोडू नगा. पायरीवर फोडा.”

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. कबुली देणाऱ्या माणसाचं एवढं मागणं कोण नाकारणार? म्हातारा म्हणाला, “बरं.” त्या वर्षी मान दुसऱ्या घरी गेला. पुन्हा आमच्या घराकडे कधी आला नाही.

बाहेर पडल्यावर मी आबांना गाठलं. मला रागच आला होता. “आवं आबा, हे काय केलंसा? ओली दारू कुठनं काढली? तुमी स्वतः मला सांगितलं, दारू खडखडीत वाळली हुती!”

“हुती.”

“मग?”

“मला कळायचं हुतं, कळलं. आता मला झोप लागंल.” ते चालता चालता थांबले. “धाकट्याला लागली असती का रं? वरीसभर जागून बघितलंय मी. त्ये लय वंगाळ असतंय. त्यास्नी झेपायचं न्हाई.”

दसऱ्याच्या संध्याकाळी आण्णा आबांच्या दारात गेले. वर्षानंतर पहिल्यांदाच. मला बरोबर घेऊन गेले. आबांच्या हातात आपट्याची पानं दिली, वाकून पाया पडले आणि दोघं भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले. आण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. आबा नुसते त्यांची पाठ थोपटत राहिले.

परत येताना आण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बंगलोरला काय शिकायचं ते शीक,” ते म्हणाले, “पण आज आबांनी केलं ते विसरू नको. भर देवळात आपली चूक कबूल करायला छाती लागती. माझ्यानं झालं नसतं.”

मी म्हटलं, “व्हय आण्णा.”